गाझीचं कांदळवन: तिवरं राखली आणि गावात नळ आला

"ताई, आमच्या तिवरांचे पैसे कधी येणार?"

वर्षभरात हा प्रश्न मला बचत गटांच्या बैठकीत चार-पाचदा तरी विचारला गेला. खाडीकाठच्या एका गावात तर कुणी एक जण येऊनही गेला होता. सातबाऱ्याची नक्कल द्या, आधार कार्डाची झेरॉक्स द्या, संमतीपत्रावर सही करा, कांदळवनाचे दर वर्षी खात्यात पैसे येतील, असं त्याचं सांगणं. करार चाळीस वर्षांचा आणि कागद सगळा इंग्रजीत. किती पैसे, कोणाला, कशाबद्दल, हे त्याला विचारूनही नीट सांगता आलं नाही. गटातल्या एका काकींनी शेवटी एवढंच विचारलं, "ह्यो कागद मराठीत हाय काय?" नव्हता. सही झाली नाही.

सही झाली नाही हे बरंच झालं, पण काकींचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. कांदळवन राखलं तर गावाला खरंच पैसे मिळू शकतात का? मिळाले तर ते कुठून येतात आणि गावात कुणाच्या हातात पडतात? ज्या गावात हे प्रत्यक्ष घडलं ते समोर ठेवून बोलावं, म्हणून केनियातल्या गाझीचं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. गावाने चालवलेला आणि कांदळवनाच्या कार्बन क्रेडिटवर उभा राहिलेला जगातला पहिला प्रकल्प म्हणून गाझी ओळखलं जातं. कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेल्या किंवा हवेतून ओढलेल्या कार्बनची पावती, जी विकता येते. प्रकल्पाचं नाव 'मिकोको पमोजा'. स्वाहिलीत मिकोको म्हणजे कांदळाची झाडं, पमोजा म्हणजे एकत्र, सगळे मिळून.

गाव, खाडी, झाडं

मोम्बासापासून दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर, क्वाले परगण्यात, गाझीचा उपसागर आहे. आपल्याकडे त्याला खाडीच म्हटलं असतं. पाणी उथळ, बाहेर प्रवाळाची रांग असल्यामुळे लाटांचा मारा कमी, आणि आत म्कुरुमुझी आणि किडोगोवेनी या दोन नद्या गोडं पाणी आणून सोडतात. किनाऱ्याला कांदळवन, त्यापुढे समुद्री गवताची कुरणं, त्याहून पुढे प्रवाळ. एकाला धक्का लागला की दुसऱ्याला लागतोच. कांदळवन नदीचा गाळ अडवतं म्हणून गवत आणि प्रवाळ बुजत नाही, आणि प्रवाळ लाटा मोडतं म्हणून कांदळाची कोवळी रोपं जगतात.

खाडीवर दोन गावं आहेत, गाझी आणि माकोंगेनी. दोन्ही मिळून वस्ती सुमारे ५४०० ची. बहुतेक घरं मासेमारीवर, थोडीफार शेती आणि नारळ. आणि चपाती तिथेही चपातीच. स्वाहिलीत तो शब्द आपल्याकडूनच गेला.

झाडांच्या बाबतीत तर परकेपणा अजिबातच वाटत नाही. त्यांचा 'मकोको' म्हणजे आपला कांदळ, 'मचू' म्हणजे आपलं तिवर, 'मलिलाना' म्हणजे पांढरी चिप्पी. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. हिंदी महासागराच्या दोन काठांवर तीच झाडं, तोच चिखल, तीच भरती-ओहोटी. गाझीत जे जमलं आणि जे फसलं, ते आपल्याला कळायला दुभाषा लागत नाही.

तोड कशी झाली

तिथल्या घरांचा सांगाडाच कांदळाच्या वाशांचा असतो. जाडीनुसार वाशांना वेगवेगळी नावं आहेत. बारीक फितो, त्याहून जाड पाऊ, मग मझिओ, बोरिती, आणि सगळ्यात जाड न्गुझो म्हणजे खांब. बोरिती शतकानुशतकं गलबतांतून अरबस्तानात जात होते, कारण तिकडे घराच्या छताला लावायला लाकूडच नव्हतं. बाकी राहिलेलं चुलीला.

गावाच्या वापराने जंगल विरळ झालं असेल, पण ते उठलं नाही. मोठा घाव १९७० च्या दशकात बसला. चुना आणि विटांच्या भट्ट्यांना जळण म्हणून गाझीतले पट्टेच्या पट्टे सपाट कापून नेले गेले. कांदळाचा एक गुण इथे लक्षात घ्यावा लागतो. तिवर छाटलं की बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, पण मोठ्या कांदळाला ते येत नाहीत. त्याची शेंग झाडावर असतानाच रुजते, हातभर लांब होते आणि मग चिखलात पडते. आई झाडंच नेली तर शेंग पडायची कुठून? त्यातून सावली गेली की उघडा चिखल उन्हाने तापतो, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्या जागी वीस वीस वर्षं काही उगवलं नाही.

कायदा नव्हता असं नाही. केनियातली कांदळवनं १९३२ पासूनच सरकारी राखीव जंगल आहेत. वाशांच्या निर्यातीवर १९८२ मध्ये बंदी आली. पण जंगल सरकारचं, राखण सरकारची, आणि सरकारचा माणूस कधीतरी येणारा. गावाच्या दृष्टीने ते कुणाचंच नव्हतं. आपल्याकडच्या गायरानाचं काय होतं ते आठवलं की हे वेगळं समजावून सांगायला नको.

बावीस वर्षांची तयारी

पैशाच्या गोष्टीकडे जाण्याआधी मला ही वर्षं सांगायची आहेत, कारण बातम्यांत ती नेमकी गळतात.

केनियाच्या सागरी व मत्स्य संशोधन संस्थेचं एक केंद्र गाझीत आहे. १९९१ मध्ये या संस्थेने, जेम्स कैरो या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने, उजाड पट्ट्यांवर लागवड सुरू केली. मजूर गावातलेच. शेंगा गोळा करायच्या, कुठली शेंग रुजेल आणि कुठली किडलेली आहे हे ओळखायचं, ओहोटीच्या चार तासांत रांगेत टोचायच्या. किती जगल्या, किती मेल्या, किती वाढल्या, हे वर्षानुवर्षं नोंदलं गेलं. पुढे एडिनबरा नेपियर विद्यापीठाचे मार्क हक्सम यांच्यासारखे संशोधक आले, स्वयंसेवक आले, आणि गाझीची खाडी आफ्रिकेतल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या कांदळवनांपैकी एक झाली.

मोजणी कशी असते ते थोडं जवळून सांगते. दहा मीटर बाय दहा मीटरची चौकट दोरीने आखायची, तिच्या कोपऱ्यांवर खुणा ठेवायच्या म्हणजे पाच वर्षांनी तीच चौकट पुन्हा सापडेल. आतल्या प्रत्येक झाडाचा घेर टेपने घ्यायचा. डोंगरातल्या झाडाला छातीच्या उंचीवर टेप लावतात. कांदळाला ते जमत नाही, कारण त्या उंचीला खोड नसतं, कमानीसारखी आधारमुळंच असतात. म्हणून सगळ्यात वरच्या मुळाच्या वर हात घालून टेप फिरवावी लागते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, अंगावर डास, आणि वहीवर चिखलाचा थेंब पडला की आकडा गेला. घेरावरून झाडाचं वजन काढायचं सूत्र असतं, आणि सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन.

पण कांदळवनाची खरी तिजोरी खाली चिखलात असते. पानं गळतात, मुळं मरतात, गाळ साचतो आणि हे सगळं थरावर थर पुरलं जातं. चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे ते कुजून पुन्हा हवेत जायला फार काळ लागतो. गोड्या पाण्याच्या दलदलीत मिथेन तयार होतो, खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे इथे तो बराच कमी. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ कांदळवनांची मोजणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे हेक्टरी सरासरी हजार टनांहून थोडा अधिक कार्बन निघाला, आणि त्यातला निम्म्यापासून ते जवळजवळ सगळा वाटा जमिनीतला होता. झाडं तोडून त्या जागी तळी काढली, भराव टाकला की शेकडो वर्षं पुरलेला हा साठा उघडा पडतो. म्हणून 'एक झाड तोडलं तर दोन लावू' हा हिशेब कांदळवनात लागू पडत नाही. नवं झाड दहा-बारा वर्षांत उभं राहील, खालचा चिखल राहणार नाही.

१९९१ ते २०१३, बावीस वर्षं. एवढ्या काळात संस्थेच्या माणसांची आणि गावाची सोयरीक जमली होती. पहिला डॉलर आला तेव्हा मोजणी करणारे हात गावातच तयार होते.

याच काळात गाझीच्या बायकांनी आपलं एक वेगळं काम उभं केलं. २००६ मध्ये त्यांनी कांदळवनातून सुमारे ३०० मीटरची लाकडी पायवाट सुरू केली. शाळेच्या सहली, विद्यापीठातली मुलं, पर्यटक येतात, थोडं शुल्क भरून चिखलात पाय न घालता आतपर्यंत जातात, झाडांची नावं शिकतात. मला हे वाचताना वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडवणाऱ्या आपल्या बचत गटाची आठवण येते. दोन्हीकडे बायका वल्ही नाहीतर तिकीट हातात घेऊन उभ्या राहिल्या, आणि जंगल हे जळणापलीकडे काहीतरी आहे हे गावाला आधी त्यांनी दाखवलं.

कागद कुणाच्या नावावर

जंगल सरकारचं, मग कार्बन कुणाचा? गाझीत हा प्रश्न पैशाच्या आधी सोडवला गेला, आणि या प्रकरणातून एकच गोष्ट उचलायची झाली तर मी ही उचलेन.

केनियाच्या २००५ च्या वन कायद्याने गावकऱ्यांना सामुदायिक वन संघ स्थापून वनखात्याशी सहव्यवस्थापनाचा करार करायची मुभा दिली. गाझीच्या बाजूला गोगोनी-गाझी सामुदायिक वन संघ उभा राहिला. त्याच्या छत्राखाली वनखात्याशी लेखी करार झाला आणि ठरावीक क्षेत्र राखायचा, त्यातून येणारा लाभ घ्यायचा हक्क गावाकडे आला. त्यानंतर प्रकल्पाचे तीन पाय ठरले. पहिला पाय म्हणजे दोन्ही गावांतून निवडलेली मिकोको पमोजाची समिती. निर्णय तिचा. दुसरा, शास्त्रज्ञ आणि वनखातं यांचा सल्लागार गट. मोजणी बरोबर आहे की नाही ते तो बघतो. तिसरा, स्कॉटलंडमध्ये नोंदलेली एसीईएस ही धर्मादाय संस्था. ती परदेशात क्रेडिट विकते आणि पैसे गावाकडे पाठवते. प्रमाणपत्र 'प्लॅन विवो' या मानकाचं. या मानकाची अट अशी की विक्रीच्या उत्पन्नातला किमान ६० टक्के भाग स्थानिक लोकांपर्यंत पोचलाच पाहिजे.

आमच्या गावात कागद घेऊन आलेल्या माणसाकडे यातलं काहीही नव्हतं. ना गावाची समिती, ना वनखात्याशी करार, ना मोजणी, ना वाटणीचा आकडा. होती ती फक्त सहीची जागा.

११७ हेक्टर, ३००० टन

प्रकल्पाखालचं क्षेत्र ११७ हेक्टर. त्यातलं १०७ हेक्टर जुनं नैसर्गिक जंगल, १० हेक्टर लागवड. मुदत २० वर्षं, २०१३ पासून. दर वर्षी सुमारे ३००० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखला जातो, किंवा हवेतून ओढला जातो, असं गणित. एक टन म्हणजे एक क्रेडिट.

'रोखला जातो' म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं, कारण फसवणूक इथेच होते. जंगल आहे तसं उभं आहे एवढ्यावर क्रेडिट मिळत नाही. प्रकल्प नसता तर किती तोड झाली असती, हे आधी पुराव्याने दाखवावं लागतं. मग प्रकल्पामुळे ती किती कमी झाली ते मोजायचं. मधला फरक विकायचा. शिवाय इथली तोड थांबवल्यावर लोक शेजारच्या रानात कुऱ्हाड चालवतात का, तेही तपासायचं आणि तेवढं वजा करायचं. वादळाने जंगल पडलं तर काय, म्हणून काही क्रेडिट न विकता राखून ठेवायची. गाझीत वीस वर्षांच्या नोंदी आधीच हाताशी होत्या म्हणून हा हिशेब बाहेरच्या तपासनिसासमोर टिकला.

आता पैसे. सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न वर्षाला सुमारे १२,००० डॉलर होतं. टनाला चार डॉलर. पुढे दर वाढला आणि रक्कमही वाढली. पण पहिल्या वर्षांचा हिशेब मुद्दाम करून बघा. त्या वेळच्या साठ रुपयांच्या दराने सात लाखांच्या आसपास. ५४०० माणसांत वाटले तर माणशी वर्षाला सव्वाशे-दीडशे रुपये. एका घराचं आठवड्याचं मासळी-मिरचीचं सामानही त्यात येणार नाही. आमच्या बैठकीत हा आकडा सांगितला तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. सगळ्यांच्या मनात लाखाचा आकडा होता.

गाझीने ते पैसे वाटलेच नाहीत. पैसे कशाला लावायचे ते दोन्ही गावांच्या जाहीर सभेत ठरवायचं, अशी पद्धत पाडली. काय हवं ते लोकांनी सांगायचं, समितीने अंदाजपत्रक मांडायचं. सभेतून पहिल्यापासून पुढे आलं ते पाणी आणि शाळा. गावात पाण्याची योजना झाली, नळकोंडाळी बसली, शाळांना पुस्तकं मिळाली, इमारतींची डागडुजी झाली. राखणदारांचा पगार आणि लागवडीचा खर्चही याच पैशातून.

हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. दीडशे रुपये खात्यात आले असते तर चार दिवसांत विसरले गेले असते, आणि पाचव्या दिवशी वासा तोडणाऱ्याला कुणी अडवलं नसतं. नळ मात्र रोज दिसतो. हंडा भरताना बाईला माहीत असतं की हे पाणी त्या जंगलामुळे आलं. मग रात्री कुऱ्हाडीचा आवाज आला तर तो सरकारच्या जंगलातला राहत नाही. गावाने नेमलेला राखणदार एकटा ११७ हेक्टर राखू शकत नाही. त्याला कान लागतात, आणि ते कान गावाचे असावे लागतात.

चुलीचं काय?

जंगल राखायचं ठरलं की त्याचा पहिला चटका चुलीला बसतो. ज्या घरात गॅस नाही, त्या घरच्या बाईने सरपण आणायचं कुठून? आणि नवं घर बांधणाऱ्याने वासे कुठून? या प्रश्नाला उत्तर न देता केलेलं संरक्षण म्हणजे गरिबाच्या डोक्यावर ठेवलेला दगड. आपल्याकडे असे दगड बरेच ठेवले गेले आहेत.

गाझीने उत्तर शोधलं ते सुरूच्या झाडात. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने जी सुरूची बनं आहेत तीच झाडं. भराभर वाढतात, सरळसोट जातात, वाशाला चालतात आणि जळणालाही. प्रकल्पाने गावाच्या जमिनीवर सुरूची लागवड सुरू केली, म्हणजे कांदळावरचा ताण तिकडे वळेल. हा उपाय आदर्श नाही. सुरू वाढायला काही वर्षं जातात, चूल मात्र आजची असते. चोरटी तोड पूर्ण थांबलेलीही नाही. ओहोटीला आत गेलं की ताजे बुंधे अजून दिसतात, आणि प्रकल्पाला ते मोजून अहवालात लिहावे लागतात. लपवलं जात नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

लागवडीतही सगळं जमलं असं नाही. समुद्राकडच्या कडेला लावलेल्या पांढऱ्या चिप्पीची बरीच रोपं लाटांनी उपटली गेली, काही वाळूखाली बुजली. ज्या कडेचं जंगल एकदा गेलं तिथे लाटांचा जोर वाढतो, आणि तिथेच नवं रोप धरत नाही. आपल्याकडे वनमहोत्सवात मंत्र्यांच्या हस्ते कुठेही टोचलेल्या कांदळाच्या शेंगांचं पुढे काय होतं, हे खाडीकाठच्या कुणालाही विचारा. जागा चुकली की हजार शेंगा काय आणि लाख काय. पाणी किती वेळ उभं राहतं, खार किती, गाळ कुठून येतो, हे आधी बघावं लागतं. कधी कधी तर नुसता बंद झालेला पाण्याचा मार्ग मोकळा केला की कांदळ आपोआप येतो, एक शेंगही लावावी लागत नाही.

जे खुपतं

गाझीचं कौतुक खूप झालं. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तरी काही गोष्टी मला खुपतात आणि त्या सांगितल्या पाहिजेत.

एक तर प्रमाण. खाडीतलं एकूण कांदळवन सहाशे हेक्टरांच्या वर आहे. प्रकल्पात त्याचा पाचवा हिस्साही नाही. ३००० टन म्हणजे साधारण दीड हजार भारतीयांचं वर्षभराचं उत्सर्जन, तेही सरासरीने. जगाचं वर्षाचं उत्सर्जन ३५०० कोटी टनांच्या पुढे आहे. गाझी हवामान बदल थांबवणार नाही, हे गाझीलाही माहीत आहे. त्यांच्या जंगलाचा त्यांना होणारा उपयोग जास्त जवळचा आहे. उधाणाच्या लाटा अडतात, कोलंबी आणि माशांची पिल्लं त्या मुळांत वाढतात, किनारा खचत नाही. पण या कुठल्याच गोष्टीला बाजारात गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे ते कार्बनला, आणि तेही हजारो मैल दूर.

इथेच दुसरी बोच आहे. क्रेडिट विकत घेणारा आपला धूर कमी न करता गाझीच्या झाडांकडे बोट दाखवून मोकळा होऊ शकतो. ज्या गावाने हवेत जवळजवळ काहीच सोडलं नाही, त्याने जंगल राखायचं आणि समुद्र चढला की आधी त्याच्याच अंगणात पाणी यायचं. हा हिशेब न्याय्य आहे असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. गावाला पाणी मिळालं याचा मला आनंद आहे. पण पिण्याचं पाणी मिळवायला गावाला जंगलाचा कार्बन विकावा लागावा, ते सरकारकडून हक्काने मिळू नये, याचं वाईटही वाटतं.

तरीही शेजाऱ्यांनी धडा घेतला. टांझानियाच्या सीमेजवळ वांगा, जिम्बो आणि किवेगु या तीन गावांनी 'वांगा ब्ल्यू फॉरेस्ट' उभं केलं. क्षेत्र ४६० हेक्टर, गाझीच्या जवळजवळ चौपट. रचना तीच. केनियाने २०२३ मध्ये हवामान बदलाचा कायदा दुरुस्त केला आणि जमिनीवरच्या कार्बन प्रकल्पांना समुदायाशी विकास करार करणं आणि उत्पन्नातला किमान ४० टक्के वाटा देणं बंधनकारक केलं. गावाच्या पातळीवर आधी घडलं, कायदा मागून आला.

आपल्या खाडीत

महाराष्ट्राची परिस्थिती काही बाबतींत गाझीपेक्षा बरी आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि २०१८ मध्ये तिच्यावर अंतिम निकालाने शिक्कामोर्तब केलं. २०१२ पासून वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०१७ पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आहे. गट खेकडे पाळतो, कालवं वाढवतो, शोभेचे मासे करतो, आणि गटाच्या उपक्रमाला ९० टक्के अनुदान मिळतं. अट अशी की गावाने कांदळवन राखायचं. कार्बनच्या बाजारात न जाताही जंगल आणि पोट यांची गाठ बांधता येते, हे या योजनेने काही गावांत दाखवलं आहे, आणि चिंबोरीचा भाव लंडनमधल्या कुणा खरेदीदारावर अवलंबून नसतो.

पण काकींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर दोन अडचणी आहेत. आपल्याकडे तोडीला आधीच कडक बंदी आहे. कायद्यानेच तोड थांबली आहे म्हटल्यावर 'आम्ही तोड थांबवली' असं सांगून क्रेडिट मागणं अवघड. क्रेडिटला जागा उरते ती मुख्यतः उजाड जागी पुन्हा कांदळवन आणण्यात. फुटलेल्या बंधाऱ्यांची खाजणं (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी), पाणी अडून मेलेली तिवरं, अशा जागा कोकणात पुष्कळ आहेत. आणि दुसरी अडचण, कोकणात खूपसं कांदळवन खाजगी सातबाऱ्यावर उगवलेलं आहे. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारस नोंद नाही. जमीन त्यांची, राखण गावातल्या बायकांची. पैसे आले तर कुणाचे? गाझीत जमीन सरकारची असल्याने एकाच कराराने हा गुंता सुटला. आपल्याकडे तो गावानेच बसून सोडवावा लागेल, आणि कुठलाही कागद सही करण्याच्या आधी.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. माणशी दीडशे रुपयांचा आकडाही सांगितला. काकी म्हणाल्या, "मग तां पैशाचां ऱ्हवां दे. पन आपल्याकडं किती तिवरां हायत, तां तरी आपल्याक म्हाईत होवा नको?"

गेल्या अमावास्येनंतरच्या ओहोटीला आम्ही सात जणी उतरलो. सुतळी, शिंप्याची टेप, रंगाचा डबा, प्लास्टिकच्या पिशवीत वही. पहिली चौकट आखायलाच पाऊण तास गेला. तिवराच्या श्वसनमुळांवरून चालताना पायाला टोचत होतं, निवटे उड्या मारत बाजूला होत होते. त्या चौकटीत १४ तिवरं, ६ कांदळ आणि १ चिप्पी निघाली. भरती यायच्या आत दुसरी चौकट अर्धी झाली. उरलेली पुढच्या पुनवेच्या ओहोटीला.